आऊट झालेल्यांच्या बाकासमोरची खुर्ची

सोपाननानांनी मला हात दिला, हे सगळ्यात आधी लिहून ठेवतो. पुढचं सांगताना माझा अजूनही गोंधळ उडतो. काय घडलं ते आठवतं, पण का घडलं ते नीट जुळत नाही. नानांचं नाव वर लिहिलेलं असलं की निदान तेवढं तरी चुकणार नाही.

नाना कबड्डीचा सामना बघायला यायचे आणि मॅटकडे पाठ करून बसायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. सत्तरीला टेकलेला माणूस, पांढरा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट, खिशाला दोन पेनं. हॉलच्या कोपऱ्यातली निळी प्लास्टिकची खुर्ची त्यांनी ओढत आणली, आऊट झालेले खेळाडू बसतात त्या बाकासमोर ठेवली आणि बाकाकडे तोंड करून बसले. सामना अजून सुरू व्हायचा होता. बाकावर कुणीच नव्हतं. नाना त्या रिकाम्या बाकाकडे एसटीची वाट बघावी तसे बघत होते.

मी शेजारी अंग मोकळं करणाऱ्या ओंकारला विचारलं, "यांना कळत नाही का, खेळ मागं आहे म्हणून?"

"कळतंय की. आमच्या आईचं मामा हायेत ते," ओंकार हसला. "आणि भावा, तुझं नाव राहतंय का जातंय, ते त्यांच्या वहीत ठरणार हाय."



कबड्डीच्या लीगचा हंगाम सुरू व्हायच्या आधी एका व्यावसायिक संघाने आम्हा बारा नव्या पोरांना बोलावलं होतं. पिंपळे गुरवला राहायची सोय होती. पंधरा दिवसांत बाहेरच्या संघांशी तीन सराव सामने, आणि मग बारांतले चार संघात. मी हिंगोली जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली, त्यानंतर चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडे लागलो. चाकणजवळच्या एका गावच्या उरुसात मी केलेल्या चढायांचा व्हिडिओ कुणीतरी काढला, तो फिरत फिरत कोच सरांपर्यंत गेला आणि मला फोन आला. ठेकेदार म्हणाला, "जा बाबा, पण परत आलास तर तुझी जागा नसणार." आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिचा फोन यायचा, "ड्युटीवर हायस का रे?" मी म्हणायचो, "हाव, ड्युटीवरच." म्हणजे निवड झाली नाही तर मला चाकण नव्हतं आणि घरी सांगायला तोंडही नव्हतं.

आम्हाला तोलायला तीन माणसं होती. कोच सर हरियाणाचे, ते खेळ बघायचे. वाकडहून येणारा अद्वैत लॅपटॉप घेऊन बसायचा, कुणी किती चढाया केल्या, किती गुण आणले, सगळं त्यात भरायचा. आणि तिसरे नाना, ते बाक बघायचे. नाना मूळचे इथल्याच जुन्या गावातले. तरुणपणी कंपनीच्या संघातून कबड्डी खेळले, आणि तीस वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. हंगामाच्या आधीच्या महिन्यापुरतं त्यांना कोच सर बोलवायचे. का बोलवायचे, ते कोच सरांनाही नीट सांगता यायचं नाही. "उनको बैठने दो," एवढंच म्हणायचे.

अद्वैतची आणि नानांची रोज जुंपायची.

"नाना, आकडे खोटं बोलत नाहीत."

"न्हाई बोलत. पर इचारल्याबिगर बोलत न्हाईत, त्येचं काय?"

"मग तुम्ही बाकाला काय विचारता?"

"बाकाला काय इचारायचं? तिथं मानूस आपनहून सांगतो."

पहिल्या सामन्यात मी जीव तोडून खेळलो. आठ गुण आणले. प्रत्येक गुण घेऊन मध्यरेषेवर आलो की नानांकडे बघायचो. त्यांची पाठ. पांढरा शर्ट, मानेवरची घडी, बस. सामना संपल्यावर धीर करून त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"नाना, माझ्या चढाया बघितल्या का?"

"न्हाई."

"आठ गुण घेतले मी."

"मंग ते त्या पोराच्या कंप्युटरात गेलं आसत्याल," ते शांतपणे म्हणाले. "तू आऊट कुठं झालास? एकदा झालास, पानी पिऊस्तवर परत आत. मला तुजी वळखच झाली न्हाई रं."

त्या रात्री मला झोप लागेना. चांगलं खेळलो म्हणून ओळख झाली नाही, तर मग वाईट खेळायचं का? मुद्दाम आऊट व्हायचं का? असं कुणाला विचारायचं तरी कसं?

दुसऱ्या सामन्यात ती वेळ आली, आणि मुद्दाम नाही. दुसऱ्याच चढाईत माझा घोटा धरला आणि मी बाकावर. कबड्डी खेळलेल्याला ठाऊक आहे, बाकावर बसायचीही रांग असते. जो आधी आऊट झाला तो आधी आत. आपल्या संघाने समोरचा एक बाद केला की रांगेतला पहिला उठतो आणि पळतो. मी रांगेत पहिला, माझ्यामागे ओंकार. नानांनी खुर्ची पुढे ओढली. मी पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले, मुलाखतीला बसतात तसा बसलो.

"परमेश्वरा," नाना म्हणाले, कारण माझं नाव परमेश्वर आहे, "देवळात बसल्यावानी बसू नगंस. कुनी हार घालनार न्हाई. मोकळा बस."

बाकावर हशा पिकला. मी अजूनच आखडलो.

तेवढ्यात समोरच्या संघाचा एक उंच चढाईपटू आला, आणि मला नानांचा विसर पडला. त्याचे पाय काहीतरी वेगळं करत होते. तोंड एकीकडे, टाच दुसरीकडे. तो एकदा आला, गुण घेऊन गेला. परत आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा आमच्या पोरांनी त्याला पाडला, हॉलमध्ये आरडाओरडा झाला, आणि मी बसूनच राहिलो. पडलेल्या त्या गड्याच्या पायांकडे बघत. आत जायची पाळी माझी होती. मागून ओंकारने लाथ मारली, "उठ की राव! तूच हायस!" मी उठेपर्यंत वेळ गेली. पंचांची शिट्टी वाजली आणि समोरच्यांना फुकटचा गुण मिळाला.

"ओए, सो गया था क्या?" कोच सर ओरडले. अद्वैतने मान हलवत काहीतरी टाइप केलं. आणि नाना वहीत लिहीत होते. पान भरलं, त्यांनी पान उलटलं आणि पुढच्या पानावर लिहीत राहिले. अशी चूक शाळेतली पोरंसुद्धा करत नाहीत. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी हॉलच्या पायऱ्यांवर मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. चाकणला जायचं की सरळ गावी, तेच कळेना. नाना दोन चहा घेऊन आले.

"तुम्ही एवढं काय लिहायलात, नाना? जायचं म्हणून सांगून टाका ना सरळ."

"लिहायलात, बोलायलात," ते हसले. "तुमची बोली लई ग्वाड हाय बग." मग शेजारी बसत म्हणाले, "तू कंपनीत व्हतास न्हवं? रिजेक्शनची लाल पेटी ठावं हाय?"

ठाऊक नसायला काय झालं. चाकणला नापास झालेले पार्ट मीच त्या पेटीत टाकायचो.

"तीस वरसं मी त्या पेटीपाशी हुबा ऱ्हायलो. चांगला माल समदे बघत्यात, सायेब बी, गिऱ्हाईक बी. पेटीत हात घालायला कुनी तयार न्हाई. पर मशीन काय करतंय, ते पेटीतला पार्टच सांगतो." चहाचा घोट घेऊन त्यांनी विचारलं, "त्या उंच गड्याचं काय बघत व्हतास?"

"उजव्या टाचेवर भार देतो तो," मी म्हणालो. "तोंड डावीकडं करतो, पण टाच टेकली की उजवीकडंच जातो. दर वेळी."

"आन् तुजा हात काय करत व्हता?"

"कोणता हात?"

नानांनी चहा संपवला. मग उठले. "पिशवी आत ठिव. परवा सामना हाय." एवढंच. कोणता हात, काय हात, मला काही उलगडलं नाही.

तिसऱ्या सामन्याआधी कोच सरांनी नावं वाचली आणि माझ्या नावापुढे म्हणाले, "लेफ्ट कॉर्नर." म्हणजे चढाई करायची नाही, डाव्या कोपऱ्यात उभं राहून चढाईला येणाऱ्याचा पाय धरायचा. मी मागे वळून पाहिलं, दुसरा कुणी परमेश्वर आहे का. मी जन्मात कोपऱ्यात उभा राहिलो नव्हतो. गावी, चाकणला, कुठंही मी चढाई करणारा. आणि माझ्या जागी चढाईला कोण? तर ओंकार. नानांच्या भाचीचा मुलगा.

तेव्हा माझ्या मनात जे आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं. मला वाटलं, चहा उगाच नव्हता. आपल्या पोराला जागा करून द्यायची म्हणून म्हाताऱ्याने मला कोपऱ्यात ढकललं. मी नानांकडे रागाने पाहिलं. ते खुर्ची लावत होते, बाकाकडे तोंड करून.

समोरच्यांच्या पहिल्याच चढाईला मी घाई केली, पुढे झेपावलो, हाताला नुसती हवा लागली आणि आऊट. बाकावर आलो. आता तरी नाना बघतील म्हणून मी त्यांच्यासमोरच बसलो, तर ते माझ्याकडे ढुंकूनही बघेनात. वही मिटलेली. पेन खिशात. मला काही म्हणजे काही कळेना.

थोड्या वेळाने आमच्या संघाला गुण मिळाला. या वेळी मी शिट्टीच्या आधीच उठलो. आत पाऊल टाकतोय तोच मागे प्लास्टिक फरशीवर घासल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. नानांनी खुर्ची फिरवली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड मॅटकडे होतं. हात छातीशी बांधून ते माझ्याकडे बघत होते.

समोरचा चढाईपटू आला. त्याची टाच टेकली. पुढे मी काय केलं ते मला आठवत नाही, खरंच नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या डाव्या मुठीत त्याचा घोटा होता आणि बाकीची पोरं त्याच्यावर कोसळत होती. त्या सामन्यात असं आणखी दोनदा झालं. एकदा घोटा निसटलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. चार नावं. शेवटचं माझं, पुढे लिहिलेलं 'लेफ्ट कॉर्नर'. ओंकारचं नाव नव्हतं. मी ती यादी तीनदा वाचली. ओंकारच पाठीवर थाप मारून म्हणाला, "वाचून बदलनार न्हाई ती, भावा. आमचं आजोबा असंच हाय. आता दिवाळीला आईच्या हातचं खायला येत्यालच, तवा बघतो त्यांना." तो हसला, पण डोळे हसत नव्हते.

मी नानांना गाठलं आणि पाया पडायला वाकलो. त्यांनी दंडाला धरून उभं केलं.

"बाकावर बसलास का तुजा डावा हात मिटतो," ते म्हणाले. "समोरच्याची टाच टेकली की मूठ आवळती. तिनदा आला त्यो गडी, तिन्ही येळला आवळली. तुला पत्ता न्हाई. चढाई तू शिकलास, ह्ये कुनी शिकिवलं न्हाई."

"आणि ओंकार?"

नानांनी स्कूटर स्टँडवरून उतरवली. "त्यो बाकावर बसला का ग्यालरीकडं बगतो, आपल्याला कोन बगतंय म्हनून. त्याला मीच सांगितलं काल, घरी बोलवून. अजून पेटीतच हाय त्यो, भंगारात न्हाई टाकला. पुढल्या साली बगू."

मी मनात काय आणलं होतं ते त्यांना सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण ते स्कूटरला किक मारत म्हणाले, "आईला फोन कर आदी," आणि गेले. आईबद्दल मी त्यांना कधीच बोललो नव्हतो. तिच्याशी खोटं बोलतो ते बाकावर कुठं दिसलं असेल, ते मला आजही उमगलेलं नाही.

आता हंगाम चालू आहे. मी राखीव आहे, अधूनमधून उतरतो. नानांचं काम एका महिन्यापुरतंच असल्यामुळे त्यांच्याकडे मॅटपर्यंत यायचा पास नाही. ते घरी टीव्हीवर सामने बघतात आणि मग फोनवर भांडतात. "आरं, तू आऊट झालास का टीव्हीवालं तुला सोडून देत्यात. बाक दावतच न्हाईत. मंग मला काय दिसायचं, कप्पाळ?"

आऊट झालो की मी बाकावर बसतो आणि डाव्या हाताकडे बघतो. मी बघत असलो की तो गप्प पडून असतो. बघायचं विसरलो की मिटत असेल, पण ते सांगायला समोर कुणी नसतं.

त्यांचं मी काय आणि कसं फेडणार, ते नीट सुचत नाही. एक गोष्ट मात्र ठरवली आहे. ज्या दिवशी या संघात माझ्या शब्दाला थोडी किंमत येईल, त्या दिवशी भरलेल्या स्टेडियममध्ये मी स्वतः एक निळी प्लास्टिकची खुर्ची उचलून आणीन आणि बाकासमोर मांडीन, मॅटकडे पाठ करून. नाना तिच्यावर बसतील. आणि त्या दिवशी आऊट झालो, तर त्यांच्याबद्दल मनात आणलेलं ते सगळं सांगून टाकीन.