एस्तरमावशींचा प्रश्न

बाजारातल्या भिंतीवर चंगाई सभेचा फलक दिसला आणि आमच्या शेजारच्या एस्तरमावशी आठवल्या. त्यांना साखरेचा आजार होता. रोज सकाळी प्रार्थना करून त्या स्वतःच इन्सुलिन टोचून घ्यायच्या. अशाच एका सभेत उपदेशकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "बाई, तू बरी झालीस. आता सुई टोचलीस तर तो अविश्वास!" मावशी आनंदाने रडल्या. आम्ही खूप विनवलं, पण त्यांनी इंजेक्शन बंद केलं ते केलंच.

त्या दवाखान्यात पडल्या तेव्हा उपदेशक दुसऱ्या गावी सभा घेत होता. "बाईचा विश्वासच कमी पडला," एवढाच निरोप त्याने धाडला. उशाशी बसले होते ते आमच्या चर्चचे म्हातारे पाळक. मेंढरांच्या वेषातले लांडगे कसे ओळखावेत, हे आम्ही लहानपणापासून बायबलमधून ऐकत आलोय. मला ते त्या खाटेपाशी कळलं. मेंढरू पडलं की लांडगा त्यालाच दोष देऊन निघून जातो.

"पाळकसाहेब, माझाच विश्वास कमी पडला का हो?" मावशींनी विचारलं.

"नाही एस्तरबाई. तुमचा विश्वास खरा होता. तो माणूस खोटा होता."

मावशींनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नाही. दुपारी त्या गेल्या, देवाची क्षमा मागत.