जबड्यांवरून माणसं ओळखणारे मामा

ज्याला स्वतःच्या व्याह्याचा चेहरा लक्षात राहत नाही, पण निम्म्या बीड जिल्ह्याचे जबडे पाठ आहेत, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असणार. आणि तो नेमका माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभा राहिला. आमच्या दंत महाविद्यालयात कवळ्या बनवायचा जो विभाग आहे, त्याच्या लॅबमध्ये हे मामा गेली कित्येक वर्षं प्लास्टर कालवत आहेत. कुणाचे मामा, ते कुणालाच ठाऊक नाही. प्राचार्य त्यांना मामा म्हणतात, झाडणाऱ्या मावशी मामा म्हणतात, आणि त्यांच्या सख्ख्या बायकोनं एकदा विभागाच्या फोनवर "मामा हायत का?" असं विचारलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. भुवया प्लास्टरनं कायम पांढऱ्या, कानामागे पेन्सिल, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत न बघता दोन बोटं खाली, ओठांवर नजर लावून बोलायची सवय. नव्या माणसाला वाटतं, आपल्या दाढीला काहीतरी लागलंय. मी पहिल्या आठवड्यात तीन वेळा आरशात जाऊन आलो.

त्या सोमवारी आम्ही चौघे नवे प्राध्यापक एकदम रुजू झालो होतो. सभागृहात आम्हाला एकेक गुलाबाचं फूल दिलं, पडद्यावर संस्थेची ध्येयधोरणं दाखवली, आणि मग आमच्या विभागप्रमुख मॅडम आम्हाला लॅबमध्ये घेऊन गेल्या. मॅडम म्हणजे पाच फूट उंचीचा धाक. माझी नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरवणारा परिविक्षेचा अहवाल मार्चमध्ये त्यांच्याच हातून जाणार होता, त्यामुळे त्या नुसत्या खोकल्या तरी माझी वही हातातून पडायची. "मामा, ही आपली नवी मंडळी," असं मॅडम म्हणाल्या. मामांनी हातातलं काम न थांबवता आमच्याकडे एकदा पाहिलं. आम्ही चौघेही ओशाळून हसलो, म्हणजे त्यांना हवं ते आयतंच दाखवलं. पहिल्याकडे बघून ते म्हणाले, "हे साहेब दिवाळीपस्तोर." शेजारच्या बाईंकडे बघून, "ह्या मॅडम लग्नापस्तोर." तिसऱ्याला म्हणाले, "ह्यांनी खोलीभाडं आगाऊ देऊ नये." आणि माझ्याकडे मात्र बराच वेळ बघत राहिले. "साहेब, झोपेत दात खाता का?"

मी म्हणालो, "छे, छे!" आदल्या रात्रीपासून माझा खोलीतला जोडीदार म्हणजे तोच तिसरा. तो हळूच म्हणाला, "अरे, मला वाटलं उंदीर आहे." आठवड्याभरातच तो बॅग उचलून पुण्याला निघून गेला. मामांच्या भाकितामुळे गेला की माझ्या दातांमुळे, हे अजून कळलेलं नाही. दिवाळीपस्तोरवाले साहेब दसऱ्यालाच गेले. माझ्याबद्दल मात्र मामांनी काही सांगितलंच नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "तुमचं काय सांगता येईना." त्या एका वाक्यानं माझी झोप गेली. नाही म्हणायला दात खाणं तेवढं थांबलं.

मामांच्या तऱ्हा सांगायच्या तर कुठून सुरुवात करावी कळत नाही. प्लास्टरच्या साच्यांशी ते बोलतात. "बाई, जरा उघडा की, लाजताव काय," असं एखाद्या जबड्याला समजावताना त्यांना मी पाहिलंय. तेलगावच्या एका लग्नात आम्ही बरोबर गेलो होतो. मांडवात नवरीकडचे एक वजनदार पुढारी हात जोडून सगळ्यांचं स्वागत करत होते. मामा माझ्या कानात म्हणाले, "वरची माझी हाय. खालची दुसरीकडून केली यानं." आणि मी अडवायच्या आत पुढाऱ्यांच्या पुढ्यात जाऊन उभे. "दादा, जरा चावून दाखवा." बरोबरचे कार्यकर्ते गडबडले, पण पुढाऱ्यांनी मान खाली घातली आणि मुकाट्यानं चावून दाखवलं. "ह्याच्यामुळंच भाषणात शिट्टी वाजती तुमची. सोमवारी या," असा हुकूम सोडून मामा जिलेबीकडे वळले. सोमवारी गाडी आली.

पण सगळ्यात धसका त्यांच्या भाकरीचा. आमच्याकडे कवळी तयार झाली की मॅडम निळा कागद चाववून, आरसा धरून, अर्धा तास तपासतात. त्यात आपण पास झालो की सुटलो असं नव्या माणसाला वाटतं. मग मामा पेशंटला व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवतात आणि डब्यातून कालची ज्वारीची भाकरी काढतात. पेशंटनं भाकरी मोडून तोंडात घातली आणि गिळली, तर कवळी चांगली. त्यानं पाणी मागितलं, तर नापास. मॅडमना हे सगळं माहीत आहे. त्या वेळी त्या मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसतात, पण लिहायचं थांबवून कान देतात, हे मी पाहिलंय.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजूनही लाज वाटते, पण मामा कळायचे तर ती सांगावीच लागेल. नोकरीला तीन महिने होत आले होते. एकाच दिवशी माझ्याकडे दोन पेशंट होते. एक आष्टीकडचे निवृत्त गुरुजी आणि दुसरी वडवणीजवळच्या वस्तीवरची एक आजी. दोघांच्याही तोंडात एक दात नाही. आजी ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाणारी. तोडणी लेक-सून करत, आजी कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत, सगळ्यांचा स्वयंपाक करायची. गेल्या हंगामात दात नव्हते म्हणून सहा महिने भाकरी पाण्यात कालवून गिळली होती तिनं. "टोळी शुक्रवारी हालती बघा बाप्पा. त्याच्या आत द्या," एवढंच तिचं म्हणणं होतं. मी मोठ्या ऐटीत हो म्हणालो. दोघांच्या जबड्यांची मापं घेतली, प्लास्टर ओतलं, चार साचे झाले. त्यावर पेशंटचा नंबर ओल्या प्लास्टरवरच कोरायचा असतो. मी तो पेन्सिलीनं लिहिला, आणि साचे घासताना तो धुऊन गेला. मग मी साच्यांच्या दोन जोड्या अंदाजानं लावल्या.

सोमवारी गुरुजी आले. खालच्या साच्यावर बनवलेली मेणाची पट्टी त्यांच्या तोंडात बसेना, होडीसारखी डुलायला लागली. गुरुजी म्हणाले, "हे माझंच आहे ना?" मी हसून म्हणालो, "सुरुवातीला असंच वाटतं गुरुजी." ते गेल्यावर मी लॅबमध्ये पळालो. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला असणार, असं मी स्वतःला पटवलं, दार लोटलं, चाकू घेतला आणि साच्याचा उंचवटा दोन्ही बाजूंनी खरवडून काढला. आमच्या विद्येत याहून मोठं पाप नाही. साचा म्हणजे पेशंटचं हाड. पण मॅडमचा अहवाल डोळ्यांपुढे नाचत होता, आणि भ्यालेला माणूस चाकू हातात घेतला की थांबत नाही.

"कावून खरवडलं?" मागून आवाज आला.

मामा कधी आत आले, कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातून साचा घेतला, वरचा जबडा त्यावर ठेवून पाहिला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "साहेब, ह्या दोन जबड्यांची उभ्या जन्मात भेट झालेली न्हाई."

"म्हणजे?"

"वरचा गुरुजींचा. खालचा त्या म्हातारीचा. हे बघा, उजवीकडं कसं बसलंय हाड. ह्या कडेनं आयुष्यभर ऊस सोललाय. गुरुजी कशाला ऊस सोलतील?" मग चाकूच्या खुणांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "आन् तुमी तिचा जबडा कापून ठिवला."

दुसऱ्या जोडीतला खालचा साचा गुरुजींचा निघाला, तो शाबूत होता. गुरुजींचं काम निभणार होतं. आजीचं माप मात्र पुन्हा घ्यावं लागणार होतं, आणि शुक्रवारला चार दिवस उरले होते. अशा वेळी मी कुठलं उदात्त वाक्य बोललो असेन, अशी वाचकांची कल्पना असेल तर ती काढून टाकावी. मी म्हणालो, "मामा, मॅडमना सांगू नका. माझी नोकरी जाईल."

मामा पहिल्यांदाच माझ्या ओठांवरून नजर उचलून डोळ्यांत बघत बोलले. "तुमची नोकरी मार्चपस्तोर हाय साहेब. तिचं जेवण शुक्कीरवारपासून हाय."

मी मॅडमच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं, चाकूसकट. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "साचा खरवडलात?" "हो." "आणि इथं उभे राहून काय करताय, डॉक्टर? गाडी कुणाची आहे?"

गाडी मामांची होती. मंगळवारी सकाळी मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, मांडीवर प्लास्टरची पिशवी आणि मापाचं सामान सांभाळत वस्तीवर पोचलो. तिथं टोळीची बांधाबांध चालली होती. आजीला लोखंडी पेटीवर बसवलं. सगळी टोळी भोवती जमली. मी घसा साफ करून म्हणालो, "आजी, माझी चूक झाली. माप पुन्हा घ्यावं लागेल."

आजी म्हणाली, "मंग सांगायचं न्हाई का! मी म्हनलं, पुन्ना आले म्हंजी माझंच हाड वाकडं."

मी तिच्या तोंडात मापाचा मसाला भरला तशी सून म्हणाली, "लई बेस झालं डाक्टर. आता घडीभर तरी म्हातारी गप बसंल." आजीनं तोंड न उघडता तिला असा काही हात दाखवला की सगळी वस्ती हसली. मी मात्र एका हातानं आजीची हनुवटी आणि दुसऱ्यात घड्याळ धरून मिनिटं मोजत होतो. मामांनी तिथल्याच लिंबाच्या सावलीत प्लास्टर ओतलं. नंबर त्यांनी खिळ्यानं कोरला, आणि खिळा माझ्या खिशात ठेवला. आजीच्या चुलीवर चाकू तापवून त्यांनी मेणाच्या पट्ट्या बनवल्या. एरवी पेशंटच्या पाच खेपांत होणारं काम आम्ही एका दुपारी उरकलं. बुधवार आणि गुरुवार मामांनी जेवायची सुट्टीसुद्धा घेतली नाही. मी मध्ये मध्ये लॅबच्या दारात जाऊन "होईल ना?" असं विचारत होतो. सहाव्या वेळी त्यांनी दाराला कडी लावली.

शुक्रवारी सकाळी आम्ही फाट्यावर ट्रक गाठला. बोचकी, भांडी, शेळ्या, आणि वर आजी. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी फाळक्यावर चढून कवळी बसवली. आजीनं ओठ मिटले, जीभ फिरवली. सुनेनं फडक्यातली भाकरी काढून दिली. आजीनं तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावत राहिली. एवढा वेळ चावत राहिली की मी आयुष्यात केलेली सगळी पापं एकदा मोजून झाली. मग तिनं गिळलं.

"बोचतंय," ती म्हणाली. मी कानस काढून एक टोक घासलं. पुन्हा घातली. "आजून बोचतंय. पर असू द्या. बोचतंय म्हंजी तोंडात काहीतरी हाय." ड्रायव्हरनं गिअर टाकला, मी उडी मारली, आणि ट्रक निघून गेला.

पुढचे सहा महिने मी कसे काढले ते विचारू नका. ताटावर बसलो की पहिल्या घासाला ती आठवायची. फोड आला असेल का, कवळी डबीत पडली असेल का, म्हातारी पुन्हा भाकरी कालवून गिळत असेल का. मार्चमध्ये अहवाल गेला. मॅडमनी लिहिलं होतं, "चुका करतात, पण कबूल करतात." नोकरी राहिली. ते वाचून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, कारण ट्रक अजून परतायचा होता.

उन्हं तापायला लागल्यावर आजी आली. सरळ लॅबच्या दारात. "वळखलं का?" तिनं मामांना विचारलं. मामा तिच्या चेहऱ्याकडे कोऱ्या नजरेनं बघत राहिले. मग तिनं तोंड उघडलं, आणि मामांचा चेहरा उजळला. त्यांनी कवळी हातात घेतली, धुतली, उजेडाकडे धरली आणि दातांवरून बोट फिरवलं. "साहेब, झिजलेत," मामा म्हणाले. "उजवीकडचे जास्ती. रोज जेवलीय म्हातारी." कवळी परत देताना तिचा हात त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला, आणि मग चहाच्या निमित्तानं बाहेर गेले.

आता या महिनाअखेर मामा निवृत्त होतायत. चौघांपैकी मी एकटाच उरलोय, म्हणून निरोपाचं भाषण माझ्याकडे आहे. ते अजून लिहून झालेलं नाही. गेल्या सोमवारी पुन्हा तीन नवे प्राध्यापक रुजू झाले. त्यातली एक मुलगी काल दोन साचे घेऊन माझ्याकडे आली. मामा रजेवर होते. "सर, हे एकाच पेशंटचे आहेत ना?" तिचा आवाज मला ओळखीचा वाटला, असा आवाज मीही काढलेला आहे. मी साचे हातात घेतले, उजेडाकडे धरले, मामा करतात तशी मान तिरकी केली, अंगठाही फिरवून पाहिला. पुष्कळ वेळ बघितलं. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

"पेशंट राहतो कुठं?" मी विचारलं.

"आष्टीच्या पुढे, सर. लांब आहे."

"गाडी काढतो," मी म्हणालो. "तू मॅडमना सांगून ये."