ह्यांचा भाला सुटला तेव्हा

गेलं वर्षभर देवासमोर हात जोडले की काही मागायचा धीर होत नाही. एकदा मागितलं होतं, आणि ते मिळालंही.

आमच्या ह्यांना साठीच्या उंबरठ्यावर एक खूळ लागलं. इथे अमेरिकेत, आमच्या मॉरिसव्हिलमधले बाकीचे नवरे सुट्टीच्या दिवशी लॉन कापतात, क्रिकेट बघतात; हे लोखंडी टोप घालून सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लढायला जायचे. राजाविरुद्ध तिथल्या पार्लमेंटने जी फौज उभारली, तिच्या लढाया मैदानात करून दाखवणारा हौशी लोकांचा एक गट इथे आहे. त्यात हे भालेकरी. "अगं, ही पार्लमेंटची फौज! इथे वशिला चालत नाही, ड्रिल करावंच लागतं," असं म्हणत गॅरेजमध्ये तो लांबलचक भाला तासन्‌तास उचलायचे आणि ठेवायचे. भाजी चिरायला सांगितली की मात्र ह्यांची कंबर धरायची. मी घरी पारायण ठेवलं, तरी हे मैदानावर. शेवटी एका लढाईच्या दिवशी कडेला खुर्ची टाकून बसले असताना वैतागून मी दत्तमहाराजांना म्हटलं, "ह्यांचं हे खूळ सोडवा. कसंही करून सोडवा."

त्या दिवशी ठरल्याप्रमाणे राजाचे लोक हरून पळणार होते. या खेळात कधी मरायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण एकदा पडलं की शेवटचा ढोल वाजेपर्यंत हलायचं नाही, असा नियम. ह्यांच्या हातून भाला सुटला आणि हे पडले. मी उठले, तर शेजारी बसलेली आमची लेक म्हणाली, "आई, रिलॅक्स. ही इज सपोज्ड टु बी डेड." मी पुन्हा बसले. मला तर हसूही आलं. ह्यांचे साथीदारही ह्यांना वळसा घालून रांग न मोडता पुढे गेले.

तेवढ्यात पळणाऱ्या शत्रूंमधला पिसाच्या टोपीचा एक म्हातारा थबकला आणि उलटा फिरला. ह्यांच्याजवळ गुडघे टेकून त्याने ह्यांचं तोंड वळवून पाहिलं आणि हात वर करून ओरडला, "स्टॉप! धिस इज रिअल!" सगळी फौज जागच्या जागी थांबली. मी धावत पोचले तेव्हा ह्यांचा ओठ एका बाजूला ओघळला होता.

मेंदूत गुठळी झाली होती. आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला आणि पायातलाही जोर गेला. तो म्हातारा हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? "आय डोन्ट नो, मॅम," तो म्हणाला. त्याला पळायचंच होतं, पण पाय मागे वळले. ते कोणी वळवले हे मी मनात जाणते, त्यावर कोणाशी वाद घालत नाही. पण इतक्या वर्षांच्या संसारानंतर ते पाय माझे का नव्हते, याचं वाईट वाटत राहतं. आता पारायणाला हे शहाण्यासारखे समोर बसतात. मला ते बघवत नाही. घर इतकं शांत मला कधीच नको होतं.

गेल्या महिन्यात गटाने ह्यांना आग्रहाने बोलावलं. चाकांची खुर्ची ढकलत मी घेऊन गेले. पार्लमेंटच्या त्या जुन्या फौजेत म्हणे साधा शिपाईसुद्धा पुढे येऊन सगळ्यांसाठी प्रार्थना म्हणू शकत असे. कॅप्टनने तो मान ह्यांना दिला. ह्यांची जीभ अजून जड, माझ्याकडे बघून म्हणाले, "तू म्हण."

सगळे टोप काढून उभे राहिले. मी हात जोडले. ह्यांचा हात परत द्या, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण पुटपुटले एवढंच, "महाराज, हा माणूस माझ्याजवळ ठेवलात. पुढचं तुम्ही ठरवा."

"मोठ्याने," हे शेजारून अडखळत म्हणाले. "मागच्या रांगेला... ऐकू गेलं नाही."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.