आनंदाबाईंचा अर्धा फोटो

पाच वर्षं झाली, आमच्या वर्तमानपत्रात दर पावसाळ्यात एकच फोटो छापून येतो. चहूकडे वैनगंगेचं गढूळ पाणी, घराच्या स्लॅबच्या काठावर बसलेली एक म्हातारी, आणि खाली वाकून तिने दोन्ही हातांनी पुढे केलेलं पातेलं. खाली ओळ, ‘दोन घासांसाठी याचना’. फोटो माझा, ओळही माझीच. भंडाऱ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि उरलेल्या वेळात मी बातम्या पाठवतो. त्या फोटोने मला पहिल्यांदा पहिलं पान मिळवून दिलं, म्हणून मी बरेच दिवस कॉलर ताठ करून फिरलो. आता सांगायला लाज वाटते.

फोटोतल्या बाईंचं नाव आनंदाबाई. राहणार सावरटोला, तालुका पवनी, अगदी नदीच्या कुशीतलं गाव. वय पासष्टच्या पुढे. लग्न असो की तेरवी, चुलीवरच्या भाताच्या मोठ्या गंजापाशी आनंदाबाई पदर खोचून उभ्या असल्या की घरधनी निर्धास्त. दारात आलेला माणूस उपाशी गेला तर त्यांना स्वतःला घास गिळत नाही. एकदा विजेचं मीटर वाचायला आलेल्या पोराने ‘खाऊन आलो’ म्हटलं, तर त्याची सायकलच त्यांनी अडवून धरली होती. पोहे खाल्ल्यावर सोडली.

२०२० च्या ऑगस्टअखेर गावात पाणी शिरलं, तेव्हा या बाईने घरातून काय वाचवलं? सिगडी, कोळशाची पिशवी आणि कणकेचा डबा. शेजारची अकरा माणसं त्यांच्याच स्लॅबवर चढलेली. गावातला मासेमारी करणारा इश्वर पहाटेपासून आपल्या डोंग्यातून लोकांना बाहेर काढत होता. दुपारी तो आनंदाबाईंच्या घराला डोंगा लावायला गेला, तेव्हा डोंग्याच्या दुसऱ्या टोकाला कॅमेरा घेऊन मी बसलो होतो.

बाई उतरायलाच तयार होईनात. कणीक परतून केलेल्या गरम उकडपेंडीचं पातेलं खाली धरून इश्वरवर ओरडत होत्या, “सकाळपासून पोटात काही हाय का तुह्या? आंधी खाय, मंग नेजो आमाले!”

इश्वरने ओल्या हाताने मोठा घास घेतला आणि मी बटण दाबलं. फोटोत सगळं होतं. पातेलं होतं, बाई होत्या, इश्वरचे फुगलेले गाल होते. पण ऑफिसातून फोन आला, “हा खाणारा माणूस कशाला? वाचकाचं काळीज हललं पाहिजे.” मी लगेच इश्वरला कापून टाकलं. रागावलेलं तोंड आणि रडणारं तोंड अर्धवट उघडं असलं की सारखंच दिसतं, त्यामुळे काम सोपं झालं.

पुढचं मला फार उशिरा कळलं. कुठून कुठून लोकांनी आनंदाबाईंना जुन्या साड्या पाठवल्या, त्या त्यांनी मुकाट्याने घेतल्या आणि गोधड्या शिवल्या. खरा घाव बसला अड्याळला. त्यांचे भाऊ यादोराव तिथे राहतात. त्यांच्या मुलाच्या लग्नात बाई पदर खोचून भाताकडे निघाल्या, तर चारचौघींनी त्यांना धरून पहिल्या पंगतीत बसवलं. “तुमी बसा जी, लय सोसलं तुमी,” म्हणत ताटात जास्तीची जिलेबी वाढली. त्या दिवसानंतर कोणीही त्यांना स्वयंपाकाला बोलावलं नाही. याचना करणाऱ्या बाईच्या हाती पाचशे माणसांचं जेवण कोण देणार?

हे सगळं त्यांनी मला या वैशाखात माझ्या दुकानात उभं राहून सांगितलं. मळकं कात्रण काउंटरवर आपटलं.

“भुपेंद्र, डोंग्यात इश्वर होता न? तं फोटोतून कोठं गेला तो?”

मी खाली बघत म्हणालो, “मावशी, जागा कमी होती.”

“जागा कमी होती त मले कापाचं. त्याले काहून कापलं? पुरात नाही रडली मी, त्या जिलेबीले रडली. पंधरा दिवसानं उर्वशीचं लगन हाय, यादोरावच्या पोरीचं. या वक्ताले मी पंगतीत बसनार नाही. वाढीन, नाहीतं जानारच नाही.”

“पण मावशी, उन्हाळ्यात पुराची बातमी कोण छापेल?”

“ते मले काय ठाव? कापलं तुनं, शिवशीन बी तूच.”

एवढं बोलून त्या एसटी पकडायला निघाल्या. जाताना मात्र डबा ठेवून गेल्या. डब्यात उकडपेंडी होती. मला इतकी शरम कधीच वाटली नव्हती, आणि ती खाल्ल्याशिवाय राहवलंही नाही.

नशीब असं की पावसाळ्याआधी सरकारी कचेरीत पुराच्या तयारीची बैठक होते. तिच्या बातमीबरोबर जुना फोटो लागतोच. मी मूळ फोटो शोधला, इश्वरसकट पाठवला आणि खाली लिहिलं, ‘पहाटेपासून उपाशीपोटी डोंगा चालवणाऱ्या इश्वर यांना स्वतःच्या छतावरून जेवू घालताना आनंदाबाई, सावरटोला. हा फोटो आजवर कापून, चुकीच्या ओळीसह छापला गेला. चूक आमच्या प्रतिनिधीची.’ ऑफिसातल्या प्रतिक्षा मॅडमनी विचारलं, “स्वतःचीच चूक छापताय? नक्की?” नक्की म्हटलं. चौथ्या पानावर का होईना, आला.

लग्नाच्या दोन दिवस आधी यादोराव पेपर घेऊन बहिणीच्या दारात हजर. “बाई, भाताले तूच पायजे.”

“मले फुरसत हाय का पाहीन,” असं म्हणून त्यांनी भावाला चांगला तासभर बसवून ठेवला. अर्थात जेवू घालूनच परत पाठवलं.

अड्याळच्या मांडवात मी पोचलो तेव्हा आनंदाबाई वाढप्यांवर ओरडत होत्या. आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जात होता आणि तो ऐकून मला फार बरं वाटलं. त्यांनी मला आणि इश्वरला शेजारी शेजारी बसवलं.

“मावशी, वाढताना एक फोटो काढू?” मी भीत भीत विचारलं.

“काढ. पन या वक्ताले तू बी ये त्यात. इश्वरले दे तुहा मोबाइल.” माझ्या पानात भाताचा डोंगर पडला. “खाय पयले!”

इश्वरने वल्हं सोडून दुसरं काही कधी नीट धरलेलं नाही. फोटोत माझं अर्धं डोकं कापलं गेलंय. पण आनंदाबाईंचा वाढणारा हात आणि माझे फुगलेले गाल पुरते आलेत. तो फोटो मी मोठा करून दुकानात लावलाय.