एकनाथरावांनी विझवलेला दिवा

काचीगुडा स्टेशनवरून कोठीकडे निघालात की डाव्या हाताला एकनाथराव बिरादारांचं टायरचं दुकान लागायचं. दुकान कसलं, पत्र्याचं शेड, एक कॉम्प्रेसर आणि दोन बाकडी! पण तीस-बत्तीस वर्षं माणसं तिथंच हवा भरायला यायची, ती त्यांच्या कानासाठी. हातोडीच्या लाकडी दांड्यानं टायरवर एक ठोका द्यायचा, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, "चार पौंड कमी हाय." मीटर लावून बघा, चारच निघणार. बिदरकडच्या या सातवी पास माणसाला ट्रकवालेसुद्धा उस्ताद म्हणत. मीटर होता दुकानात, खिळ्याला टांगलेला. तो ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी.

पुढं बाजार खुला झाला, अ‍ॅम्बॅसडर-फियाट गेल्या आणि दर दिवाळीला नव्या नावाच्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या. एकनाथराव मागं पडले नाहीत. ट्यूबलेस टायर आले, ते शिकले. मग साठी उलटल्यावर तो पिवळा दिवा आला. टायरमधली हवा कमी झाली की गाडीच चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवा लावते, म्हणे. आसपासच्या दुकानदारांनी त्या दिव्याला यथेच्छ शिव्या दिल्या. एकनाथराव मात्र शोरूमच्या मिस्त्रीला चहा पाजून सगळं समजून घेऊन आले.

"गाडी हवा मोजत नाही," ते बायकोला, मालनबाईंना, जेवताना सांगत होते. "चाकाचे फेरे मोजते. हवा कमी झाली की चाक खाली बसतं, मग ते बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं. तेवढ्यावरून कळतं तिला! हवा भरून भागत नाही. आधी चारी चाकं मीटरनं बरोबर करायची, मग गाडी उभी ठेवून, चावी चालू करून स्टिअरिंगखालचं बटण दाबून धरायचं. दिवा मिचकावला की सोडायचं. त्या घडीला जी हवा असेल तीच बरोबर, असं गाडी धरून चालते. म्हणून कमी हवेवर बटण दाबायचं नाही. दाबलं की दिवा गप, अन् माणूस गाफील!"

"हळू बोला, मी इथंच बसलीय," मालनबाई म्हणाल्या.

तीच तर गोष्ट होती. एकनाथराव गेली दोन वर्षं मोठ्यानं बोलत होते. टीव्हीचा आवाज असा की खालच्या मजल्यावरचे लोक वर येऊन विनवायचे. मालनबाईंनी डॉक्टरचं नाव काढलं की ते भडकायचे. "दिवसभर कॉम्प्रेसरजवळ बसतो मी. जरा कान बसतात, सुटतात. परेशान नको करूस." कान गेला असं एकदा कबूल केलं, तर उस्तादाकडं उरतं काय? रस्त्यावरचा कुणीही पोऱ्या हवा भरू शकतो. या भीतीनं त्यांना आतून पोखरलं होतं, आणि ती त्यांनी कुणालाच, अगदी बायकोलाही, सांगितली नाही.

डिसेंबरातली एक सकाळ. चिक्कडपल्लीचा श्रीकांत गाडी घेऊन आला. बापाच्या स्कूटरपासूनचं हे गिऱ्हाईक, एकनाथरावांना मामा म्हणणारं. मागच्या सीटवर त्याची आई, सावित्रीबाई, शाल गुंडाळून बसलेल्या. नांदेडला त्यांचा थोरला भाऊ शेवटच्या घटका मोजत होता. पहाटे फोन आला होता, बहिणीला आणा म्हणून त्यानं धोशा लावलाय.

"मामा, दिवा लागलाय. लवकर बघा," श्रीकांत म्हणाला.

एकनाथरावांनी दांडा घेतला. चारी टायरवर ठोके दिले, डिकी उघडून स्टेपनीवरही दिला. डावं मागचं चाक जरा बसल्यासारखं दिसलं, पण असले टायर भरलेले असले तरी तसेच दिसतात. आणि थंडीच्या सकाळी हवा आखडून हा दिवा उगाच लागतो, हे त्यांनी पंचवीस वेळा पाहिलं होतं. ठोका कसा ऐकू आला? खरं सांगायचं तर नीट ऐकूच आला नाही. पाचही टायर एकाच सुरात, कापूस घातल्यासारखे वाजले.

"मामा, मीटर लावा की एकदा."

"मला मीटर?" एकनाथराव ताडकन बोलले. "तुझ्या बापानं कधी मागितला नाही! थंडीचा दिवा हाय हा. जा बिनघोर." आणि त्यांनी खिडकीतून हात घालून बटण दाबून धरलं. दिवा मिचकावला आणि विझला. सावित्रीबाईंनी मागून हात जोडले. "देवासारखे भेटलात, एकनाथराव," त्या म्हणाल्या.

डाव्या मागच्या चाकात स्क्रू होता. कमी हवेलाच बरोबर समजून गाडी निमूट पळत राहिली. कामारेड्डीच्या पुढं दिवा पुन्हा लागला, तोवर टायर तापून बाजूनं फाटला होता. स्टेपनी काढली तर तिच्यातही दम नव्हता. भर दुपारच्या उन्हात मायलेक रस्त्याच्या कडेला तीन तास बसले. सावित्रीबाईंचा भाऊ साडेतीनला गेला. हे नांदेडला पोचले सहाला.

परत आल्यावर श्रीकांत दुकानात आला, स्क्रू बाकड्यावर ठेवला, एवढं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आईला मी रस्ता खराब होता असं सांगितलंय. तुम्ही काही बोलू नका." त्यानं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. एकनाथरावांनी त्या दिवशी शेड बारालाच बंद केलं.

चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? श्रीकांतनं तर झाकून घेतलंच होतं. पण "देवासारखे भेटलात" हे शब्द काही केल्या जाईनात. पाचव्या दिवशी ते चिक्कडपल्लीला गेले. सावित्रीबाई पलंगावर बसल्या होत्या. एकनाथराव समोर सतरंजीवर खालीच बसले.

"अक्का, रस्ता खराब नव्हता. मी मीटर न लावता बटण दाबलं. चाकात हवा नव्हती."

श्रीकांतनं मान फिरवली. सावित्रीबाईंचे ओठ हलले. एकनाथरावांना काही कळेना. ते पुढं सरकले, हात कानामागं नेला. त्या पुन्हा काहीतरी बोलल्या.

"अक्का," एकनाथराव म्हणाले, "मला ऐकू येत नाही हो. दोन वर्षं झाली. ठोकासुद्धा ऐकू येत नाही."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी हे कुणाला सांगितलं. सांगितलं आणि लहान पोरासारखे रडले.

सावित्रीबाई पलंगावरून उतरल्या, त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि त्यांना कळेल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "हेच त्या दिवशी सकाळी बोलला असतात, तर माझा दादा मला भेटला असता."