सिस्टरांचं माहेरचं नाव

"कुळारचा नाव काय गो तुझा?"

आमच्या आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला सिस्टर आधी हे विचारत. ताप, खोकला, पोटातली कळ, सगळं नंतर. कुळार म्हणजे माहेर. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात आणि जुनं नाव माहेरीच राहतं. सिस्टरांच्या रजिस्टरात मात्र दोन्ही नावं असत. बाई आधी सांगेल ते निळ्या शाईने, दुसरं लाल शाईने.

दोन हजार आठच्या सुमारास मी तिथे कॉम्प्युटरवर नोंदी करायला लागले. इंग्रजी शाळेत शिकलेली. मालवणी कळायची, पण तोंडातून निघायची नाही.

"तू बोलतंस काय बातम्ये वाचतंस गो?" सिस्टर म्हणायच्या.

दुपारी मागच्या पायरीवर आम्ही दोघी डबा खायचो. त्यांच्या डब्यात एकाच माणसापुरतं कालवण असे, तरी निम्मं माझ्या झाकणात यायचं. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. नांदगावच्या भावाविषयी बोलायच्या, तोही आदल्या वर्षी वारला होता.

कॉम्प्युटरमध्ये नावाला एकच चौकट होती. मी रजिस्टरातलं पहिलं नाव घ्यायचे आणि लाल शाईतलं सोडून द्यायचे. पडदा किती स्वच्छ दिसायचा!

एका सकाळी माहेरी आलेली एक मुलगी बाळंत झाली. तिचे कागद कसालला, सासरी राहिलेले. नवऱ्याने नाव सांगितलं, श्रद्धा. त्याच नावा-आडनावाची बाई मला पडद्यावर सापडली. रक्तगट बी पॉझिटिव्ह. मी कागद छापून दिला.

सिस्टरांनी कागद पाहिला, मग मुलीचं तोंड पाहिलं.

"ह्या कोणाचा? ह्या चेडवाक मी वळाखतंय. ही मनीषा. चवतीक आवशीवांगडा इल्ली."

त्यांनी गणपतीच्या दिवसांतलं रजिस्टर उघडलं. तेव्हा बरोबर आलेल्या तिच्या आईने सांगितलेलं नाव मनीषा, शेजारी लाल शाईत श्रद्धा, आणि गोल करून लिहिलेलं, निगेटिव्ह. बाळंतीण निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर तीन दिवसांत एक इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या बाळाच्या जिवावर बेततं. सिस्टरांनी नाळेचं रक्त बाटलीत घालून नवऱ्याला मोटारसायकलवरून तपासणीसाठी मालवणला पिटाळलं. बाळ पॉझिटिव्ह निघालं. संध्याकाळच्या आत इंजेक्शन दिलं गेलं.

मी टेबलाशी हात मांडीवर ठेवून बसून होते. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "कंपुटराक कित्याक दोष देवचो? तेका तू एकच नाव सांगलंस."

त्यानंतर त्या जुनी रजिस्टरं मोठ्याने वाचत आणि मी पत्त्याच्या ओळीत दुसरं नाव घालत असे. शेकडो बायांची नावं आम्ही अशी परत आणली.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःचं ब्लडप्रेशर तपासून घेतलं आणि त्या माझ्यासमोर पेशंटच्या बाकावर बसल्या.

"माझापण घाल."

मी त्यांचं नाव टाइप केलं. मग विचारलं, "माहेरचं?"

त्यांनी सांगितलं. नाव अगदी लहान मुलीचं होतं. मी पत्त्याच्या ओळीत घातलं.

"भाव गेल्यार ह्या नावान हाक मारणारो कोण रवलो नाय," त्या म्हणाल्या. "मार बघू एकदा."

मी शेजारच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. "सिस्टर, मी..." एवढंच निघालं.

"ऱ्हवांदे गो," म्हणत त्यांनी पिशवी उचलली.

त्या नांदगावच्या बंद घरात राहायला गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचं कळलं, तेही एका पेशंटकडून.

तुमच्याही गावात अशा एखाद्या सिस्टर असतील. त्यांना त्यांचं माहेरचं नाव विचारा.

पडद्यावर त्यांची नोंद अजून आहे. एकच भेट. केंद्र रिकामं झालं की कधी कधी मी ती उघडते. त्या नावाने हाक मारायला ओठ हलतात, पण शेजारच्या खोलीत कोणी ऐकेल, असं मला अजूनही वाटतं.