डाव्या अंगाचा किल्ट

हेक्टर स्लेटरच्या पँटची घडी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या बकी गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. बसड्रायव्हरची नोकरी, समुद्राच्या कडेकडेनं एल्गिनपर्यंत जायचं आणि परत यायचं, म्हणजे दिवसभर बसूनच. तरी संध्याकाळी घरी यायचा तेव्हाही ती घडी सुरीच्या पात्यासारखी उभी असायची. इस्त्री तो स्वतः करायचा. नव्या संसारात उनानं एकदा हौसेनं त्याची पँट इस्त्री केली होती. त्यानं ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा केली. उनानं त्या खात्यातून कायमचं अंग काढून घेतलं.

अशा माणसाचा उजवा गुडघा बदलला, आणि वरची जखम काही भरेना. वरून बरी दिसायची, कडेला पुन्हा ओली व्हायची. पट्टी बांधलेला तो गुडघा वाकला की पँटचं कापड नेमकं तिथं घासायचं. म्हणून हेक्टर हिवाळाभर झोपायच्या गाऊनमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होता.

"चालायला हवं, हेक्टर," पट्टी बदलायला येणारी नर्स आयला दर वेळी म्हणायची. "बसून राहिलात तर इतका महागाचा गुडघा बंदरावरच्या फाटकासारखा गंजेल."

"चालतो की. संडासापर्यंत."

"आणि परत?"

"परतही चालतच येतो. अजून उना उचलून आणत नाही."

आयला हसली, पण दारापाशी उनाला हळूच म्हणाली, "बाहेर काढा त्यांना. घरातलं चालणं चालण्यात धरत नाहीत."

उनाला ते सांगायला नको होतं. तिच्या वडिलांनी मासेमारीची बोट विकल्यावर असंच खुर्चीत बसणं धरलं होतं. आधी थंडी होती म्हणून, मग वारा होता म्हणून, मग कारणंच संपली आणि नुसती खुर्ची उरली. दोन वर्षांत पाय गेले. हेक्टरही आता खिडकीतून लोकांकडे पाहीनासा झाला होता, आणि ते तिला जखमेपेक्षा जास्त लागत होतं.

तिनं सैल ट्रॅकसूट सुचवला. "सट्ट्याच्या दुकानाबाहेर उभी असतात ती पोरं घालतात तसला?" म्हणून त्यानं तो उडवून लावला. हाफपँट सुचवली. "ती पोस्टमननं घालावी. त्याला पगार मिळतो त्याचा."

"मग किल्ट घाल."

"का? लग्न कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. गुडघ्याला काही लागणार नाही, गरम राहील आणि तुला हवी तशी घडीही असेल. एक सोडून वीस चुण्या असतात त्याला."

"मी पर्यटकांना विकायच्या बिस्किटांच्या डब्यावरचं चित्र व्हायचं नाही, उना."

त्याचंही खरंच होतं. किल्ट म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा; गावात तो निघायचा लग्नाला, मयताला आणि बॅगपाइपच्या बँडमध्ये. मंगळवारी सकाळी पाव आणायला किल्ट घालून जाणारा माणूस म्हणजे एकतर बाहेरून आलेला, नाहीतर डोक्यानं जरा सरकलेला. पण तो "नाही" म्हणाला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात हा फरक उनाला चांगला कळत होता.

ती एल्गिनला गेली. तिथल्या किल्ट शिवणाऱ्या बाईनं जाड लोकरीचं कापड तिच्या मांडीवर पसरलं. काय ते कापड! हाताला जड आणि उबदार, मांजर येऊन बसावं तसं. किंमत ऐकून उनानं ते आदरानं घडी करून परत दिलं. पुढे पर्यटकांच्या दुकानात स्वस्तातले लाल किल्ट दोरीवर टांगले होते. कापड ॲक्रिलिकचं, बोटांनी चोळलं तर चुटचुट करणारं. दार उघडलं तशी वाऱ्याची एक झुळूक आत आली आणि सगळी ओळ कमरेपर्यंत उडाली. दुकानातली मुलगी म्हणाली, "उन्हाळ्यात फार विकले जातात." उना म्हणाली, "आमच्याकडे वारा बारा महिने असतो, बाळ."

तिसरं कापड पॉलिस्टरमिश्रित होतं. रंग शांत, किंमत परवडणारी, आणि मशिनमध्ये धुता येणारं. औषधाचा, पुवाचा डाग पडला तर हे महत्त्वाचं होतं. त्याचा तुकडा तिनं घरी आणला. हेक्टरनं तो अंगठ्याखाली फिरवला.

"हे मी ओळखतो."

"कुठून ओळखणार तू?"

"तीस वर्षं यावर बसलोय. बसच्या सीटचं कापड आहे हे."

ते सोडून द्यावं लागलं.

आणि मग बेला फ्लेटच्या दुकानात तिला तो सापडला. चर्चच्या छपराच्या दुरुस्तीसाठी बेला जुन्या कपड्यांचं दुकान चालवायची. दारामागे, पावसाळी कोटांच्या गर्दीत, गडद निळ्या-हिरव्या चौकडीचा किल्ट होता, शुद्ध लोकरीचा आणि जडशीळ. उनानं तो उजेडासमोर धरून कसरीची भोकं शोधली, नव्हती. चुण्यांचे टाके ओढून पाहिले, घट्ट होते. नाकाला लावला, डांबरगोळ्यांखेरीज कसला वास नव्हता. कमरेला टेप लावली. हेक्टर पँट पोटाखाली घालतो आणि किल्ट पोटावर बसतो हे लक्षात ठेवून तिनं आधीच त्याचं माप बेंबीवर घेतलं होतं. त्यावरून दोघांचं थोडं वाजलंही होतं. तेही माप जुळलं. बेला गिऱ्हाइकाशी छपराबद्दल बोलण्यात गुंतली होती. तिनं पैसे घेतले आणि पिशवी दिली.

घरी हेक्टरनं कुरकुरत, पण स्वतःच्या हातांनी तो नेसला, पट्टे आवळले आणि कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. बराच वेळ. मग त्यानं पाठमोरं होऊन मान वळवून चुण्या पाहिल्या.

"कुणीतरी नीट सांभाळलाय," तो म्हणाला. त्याच्या तोंडी हे म्हणजे टाळ्यांचा कडकडाटच. "गुडघ्याला लागत नाही." तो खोलीभर फिरला. "उद्या बोलिंगचं मैदान उघडतंय ना? फोनवर डॉड म्हणत होता. जाईन म्हणतो."

उना पलंगावर बसली होती. तिला तो समोरून दिसत होता, आणि तिची नजर त्याच्या कमरेवर अडकली.

पट्टे डाव्या बाजूला होते. पुढचा पदर डाव्या मांडीवर येऊन मिटत होता. पुरुषाचा किल्ट उजव्या अंगाला मिटतो, बाईचा डाव्या. शाळेतल्या पोरालाही हे माहीत असतं. आरशात उजवं-डावं उलटतं, त्यामुळे हेक्टरला समोर एक व्यवस्थित पुरुष दिसत होता. तिनं भोकं पाहिली, टाके पाहिले, वास घेतला, आणि पाहायचं तेवढंच राहिलं होतं. किल्ट कुणा थोराड बाईचा होता.

रात्रीच्या जेवणात कीमा-बटाटे होते. हेक्टर किल्ट नेसूनच जेवायला बसला आणि त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच. उना मनात घोळवत राहिली. सांगितलं नाही तर तो उद्या बाहेर पडेल. पण मैदानावर चेंडू घरंगळवायला डझनभर म्हातारे आलेले असतील, त्यातले निम्मे तरुणपणी बँडमध्ये वाजवलेले. ते पाहतील. आणि चारचौघांत हसं झालं तर हेक्टर परत येऊन त्या खुर्चीत बसेल तो कायमचाच. उसवून पुन्हा शिवायचा म्हटलं तर एकेक चुणी उलट वळवायची, म्हणजे नवा शिवण्याइतकंच काम.

"हेक्टर," ती आपलं ताट उचलता उचलता म्हणाली, "तो किल्ट बाईचा आहे. माझ्या लक्षात आलं नाही. पट्टे डावीकडे आहेत."

त्यानं खाली पाहिलं. मांडीवर हात ठेवून उजवी बाजू चाचपली, मग डावी. काट्यावरचा बटाटा ताटात ठेवला. उठला, आत गेला, आणि गाऊन घालून खुर्चीत येऊन बसला. टीव्हीचा आवाज त्यानं वाढवला. बराच वाढवला.

सकाळी उनानं एल्गिनच्या दुकानाला फोन करायचं ठरवलं. बसची सीट तर बसची सीट. फोनजवळ जाते तोच डॉड काउई दारात. डॉड म्हणजे हेक्टरचा शाळेपासूनचा मित्र. कुणाच्या मयतालाही त्याला तोंड आवरत नसे.

"आहे का तुझा राजा जागेवर? की सिंहासनाला मुळं फुटली?"

"डॉड, आज नको. त्याला—"

आतलं दार उघडलं. हेक्टर किल्ट नेसून उभा होता. लांब मोजे चढवले होते, बूट चकचकीत, केस पाण्यानं बसवलेले. चेहरा मात्र दात उपटायला निघाल्यासारखा. डॉडची नजर खाली गेली, डाव्या कमरेवर थांबली, आणि त्याचं तोंड उघडलं.

"थांब," हेक्टर म्हणाला. "हा बाईचा किल्ट आहे. मला माहीत आहे. उनानं चुकून घेतला. पँट मला सोसत नाही, आणि दुसऱ्या कुठल्या कपड्यात मला उभं राहवत नाही. तुला जे काय बोलायचंय ते आत्ता, इथं, सगळं बोलून घे. वाटेत एक शब्द नको."

डॉडनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"सगळं?"

"सगळं."

"मला जरा वेळ लागेल, लेका. असं एकदम मागितलं की सुचत नाही." तो डोकं खाजवत हेक्टरच्या मागे जाऊन आला. "मागून लई झकास दिसतोस रे. माझी बायको जिवंत असती तर तुझ्या शिंप्याचं नाव विचारलं असतं तिनं."

"एक झालं."

"नाच करायला बोलावलं तर नाही म्हणू नकोस."

"दोन. अजून?"

"आणि मैदानावरच्या लोकांना काय सांगणार?"

"तेच. आधी मीच सांगणार. लोकांना हसायचं असतं ते ज्याचं हसं होतंय त्याला कळायच्या आत. कळल्यावर त्यात काय मजा?"

"तू रात्रभर हे पाठ करत होतास," डॉड म्हणाला.

"निम्मी रात्र. निम्मी रात्र गुडघा."

उना भिंतीला टेकून उभी होती. तिला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण बोललं की तो थांबेल, आणि थांबला की बसेल. तिनं फक्त काठी पुढे केली. त्यानं ती घेतली आणि तिच्याकडे न पाहता म्हणाला, "माप मात्र बरोबर घेतलं होतंस."

पायऱ्या तो एकेक करून उतरला, चांगला पाय आधी की वाईट यावर डॉडशी वाद घालत. कोपऱ्यावर समुद्राकडून वारा आला. डॉडचा कोट डोक्यावर गेला. जड लोकर जागची हलली नाही.

ते दिसेनासे झाल्यावर उना आत आली. टीव्ही बंद केला. खिडकी उघडली, आणि ती खुर्ची भिंतीपासून ओढून तिचं कव्हर काढायला घेतलं. ते अंगाला चिकटल्यासारखं बसलं होतं, एकेक कोपरा ओढून सोडवावा लागला. खाली बिस्किटांचा चुरा, एक पेन्सिल, आणि नोव्हेंबरपासून सापडत नसलेला तिचा चष्मा होता. तिनं चष्मा ॲप्रनला पुसून डोळ्यांवर चढवला आणि कव्हर मशिनमध्ये टाकलं. ते वाळायला दोन दिवस तरी लागणार होते. तोवर त्या खुर्चीत कुणाला बसता येणार नव्हतं.